चार आज्या आणि आठ चिठ्ठ्या

आमच्या घरी दिवाळीचा आकाशकंदील नाताळ उरकल्याशिवाय खाली येत नाही. येडगावात नवीन आलेलं माणूस विचारतं, "विसरलात काय काढायचा?" माझा नवरा मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून मान वर न करता सांगतो, "शिडी एकदाच लावायची, राव. दोन सण निघत्यात." आळसाला तत्त्वज्ञान चिकटवण्यात त्याचा हात धरणारा जुन्नर तालुक्यात कोणी नाही.

नाताळ या घरात त्याच्या पहिल्या बायकोबरोबर आला. ती नगरकडची ख्रिस्ती. तरुणपणी हा तिकडे वायंडिंग शिकायला गेला आणि वायंडिंगबरोबर बायकोही घेऊन आला. त्यांची मुलगी, म्हणजे आमची थोरली, आठ वर्षांची असताना ही पहिली बायको आजारपणात गेली. माणूस गेलं, सण राहिला, कारण तिची आई दर वर्षी येत राहिली. पंचवीस तारीख त्यांच्या चर्चची आणि सव्वीस आमची. पहाटेच्या एसटीने नगरहून निघायचं, आळेफाट्याला गाडी बदलायची आणि दुपारच्या आत आमच्या दारात हजर. हातात केकचा डबा, पिशवीत करंज्या आणि चकल्या. फराळाला दिवाळीच लागते हा माझा समज त्यांनी पहिल्याच वर्षी मोडला. थोरलीला ना मामा, ना मावशी. आजोळ म्हणून एवढं एकच म्हातारं माणूस उरलेलं.

मी या घरात आले ती माझी धाकटी बरोबर घेऊन. माझा पहिला नवरा अपघातात गेला तेव्हा ती दोन वर्षांची होती. माझ्या त्या सासूनेच, जिला मी आजही आत्या म्हणते, वर्षभराने मला समोर बसवून सांगितलं, "तू अशी बसून राहू नको. माझं पोरगं गेलं, त्यात तुजं आयुष्य कशाला जाळती?" हे स्थळही तिनेच काढलं. माझ्या आत्ताच्या नवऱ्याने त्यांच्या विहिरीवरची मोटार भरून दिली होती आणि ती पुन्हा जळली नव्हती. एवढी चौकशी तिला पुरेशी वाटली.

तर अशा रीतीने दोन मुलींना मिळून चार आज्या झाल्या. मुलींनी आपसात त्यांची वाटणी करून टाकली होती. घरची आजी म्हणजे माझी आत्ताची सासू. मेंढरांची आजी म्हणजे आत्या; धाकटे दीर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरतात, त्यामुळे डिसेंबरात तिला सवडच सवड. खोल्यांची आजी म्हणजे माझी आई; ती अवसरी खुर्दला इंजिनिअरिंगच्या पोरांना खोल्या भाड्याने देते आणि रात्री उशिरा दिवा दिसला की जाऊन दार वाजवते. आणि नगरच्या, त्या केकची आजी. अर्थात ही नावं पाठीमागची. तोंडावर सगळ्या नुसत्या "आजी". अंगणातून धाकटीने "आजीऽ" अशी हाक मारली, की चार ठिकाणांहून "काय गं?" येतं.

आपली मराठी नात्यांच्या बाबतीत फार श्रीमंत आहे म्हणतात. साडू आहे, जाऊ आहे, मावससासू आहे, विहीण आहे. पण नवऱ्याच्या पहिल्या बायकोच्या आईला काय म्हणायचं, ते मला कोणी सांगितलं नाही. "सवतीची आई" एवढंच सापडतं, आणि ते तोंडावर म्हणायची सोय नाही. म्हणून मीही त्यांना आजीच म्हणते. थोरलीचीही माझ्या बाबतीत तीच पंचाईत. ती मला काहीच म्हणत नसे. "ऐका ना" हे माझं नाव. ऐका ना, डबा भरलाय का. ऐका ना, मी निघते. तिने कधी उलट उत्तर दिलं नाही, कधी तोंड वाकडं केलं नाही, पण हाक मारायची वेळ आली की गल्ली बदलल्यासारखी ती शब्द बदलायची. मी मंचरजवळच्या एका कॉलेजच्या लायब्ररीत पुस्तकांना नंबर चिकटवायचं काम करते. दिवसाला पन्नास पुस्तकांना ओळख देणाऱ्या बाईला घरात सहा वर्षं नाव नव्हतं. मी कधी बोलले नाही, पण खुपायचं.

माझ्या इथल्या पहिल्या नाताळाला फक्त केकची आजी आल्या. दुसऱ्या वर्षी बातमी फुटली. माझ्या आईने फोनवर विचारलं, "नगरची येती, मंग मी काय पाप केलंय?" आत्याने फोनही केला नाही. सरळ एक कोंबडा काखेत मारून एसटीने आली. सासूबाई घरातच होत्या, पण पाहुण्यांचा मान होतोय आणि आपला होत नाही म्हणून त्या आतल्या खोलीत जाऊन, तोंड धुऊन, नवं लुगडं नेसून पुढच्या दाराने पाहुण्यांसारख्या आत आल्या.

आमच्याकडे कोणी रिकाम्या हाताने येत नाही आणि कोणाला रिकाम्या हाताने पाठवायचं नसतं. नाताळात याचा फार ताप होतो. एकीला साडी दिली की दुसरी तिचा काठ चाचपून बघणार. तिसऱ्या वर्षी मी शहाणपणा केला आणि नारायणगावातून चार अगदी एकसारख्या साड्या आणल्या, जांभळ्या, बारीक बुट्टीच्या. चौघींनी हौसेने लगेच नेसल्या आणि मग एकमेकींकडे बघितलं. तो दिवसभर आमची पडवी बचत गटाचा मेळावा भरल्यासारखी दिसत होती. शेजारच्या बाईने येऊन विचारलंसुद्धा, "कशाचं ट्रेनिंग हाय?" त्यानंतर केक दोन आणायचे ठरले, एक अंड्याचा, एक बिनअंड्याचा. ओळखायला बिनअंड्याच्या केकवर सासूबाई तुळशीचं पान ठेवतात. आत्या दोन्हींतला खाते आणि म्हणते, "अंडं दिसंना कुटं."

गेल्या वर्षी ही कटकट मोडून काढायचं थोरलीने मनावर घेतलं. ती आता पुण्यात हॉस्टेलला असते. तिथे मुली चिठ्ठ्या टाकतात. प्रत्येकीने एक चिठ्ठी काढायची, जिचं नाव येईल तिला गुपचूप एक वस्तू आणायची. त्याला सिक्रेट सँटा म्हणतात. तिने हे समजावून सांगितल्यावर माझी आई म्हणाली, "संत व्हय? शिक्रेट संत? कुठला गं हा?"

"कुठला नाही, आजी. फक्त एक वस्तू आणायची."

"मंग संताचं नाव कशाला?"

थोरलीला ही योजना इतकी मनापासून का हवी होती, ते मला आतून माहीत होतं. केकची आजी थकल्या होत्या. आदल्या वर्षी दोनदा त्या म्हणाल्या होत्या, "आता जावयाच्या घरी मी कुठवर यायचं? पोर मोठी झाली." चौघींचे मानपान, साड्या, काठ हे सगळं त्यांना लाजिरवाणं वाटत होतं. आपल्यामुळे या बाईला चार साड्या घ्याव्या लागतात, असं त्यांनी थोरलीला सांगितलं होतं. त्यांचं येणं थांबलं, तर थोरलीच्या आईकडची वाटच बंद होणार होती. एक माणूस, एक वस्तू, संपलं. मग आजीला अवघड वाटणार नाही, असा तिचा हिशेब.

आज्या चार, मुली दोन आणि आम्ही नवरा-बायको, अशा आठ चिठ्ठ्या झाल्या. आजोबा दोन आहेत, पण त्यांनी "आमाला काय नको" म्हणून आधीच अंग काढून घेतलं. चिठ्ठ्या लिहिण्याचं काम धाकटीने हट्टाने घेतलं, स्केचपेनने, कडेला फुलं काढून. एक चिठ्ठी मात्र थोरलीने तिच्याकडून मागून घेतली आणि स्वतः लिहिली. मी भाकऱ्या थापत होते. दिवसभर कार्डं तपासणाऱ्या मला त्या आठ चिठ्ठ्या एकदा वाचून बघाव्यात असं सुचलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. दिवाळीच्या सुट्टीत थोरली चकलीचा रिकामा डबा घेऊन सगळीकडे फिरली, अवसरीला, आत्याकडे आणि शेवटी नगरला. चिठ्ठी काढा, वाचा, कोणाला सांगू नका. आणि नवल म्हणजे, आयुष्यात एकही गोष्ट पोटात न ठेवलेल्या त्या बायकांनी या वेळी खरोखर कोणाला काही सांगितलं नाही. तिथेच घात झाला.

सव्वीस तारखेला सगळ्या आल्या. उसातल्या बिबट्यामुळे पाचच्या आत घरी पोचायचं असतं, म्हणून जेवणं बाराला उरकली आणि अंगणातल्या बाजेवर रंगीत कागदात गुंडाळलेल्या वस्तूंचा ढीग लागला. थोरलीने लाल टोपी घातली. पहिली पाळी माझी. माझ्या चिठ्ठीत "आजी" असं आलं होतं. चार आज्यांपैकी कोणती, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. ज्या आजीबरोबर वर्षाचे उरलेले दिवस काढायचे, तीच आजी, असं मी क्षणात ठरवलं होतं. मी सासूबाईंना शाल दिली.

मग माझी आई उठली आणि तिनेही सासूबाईंनाच शाल दिली. तीही तपकिरी.

"तुला कोणाची चिठ्ठी आली होती?" मी विचारलं.

"आजी. लिवलंच व्हतं. वरपक्षाचा मान आदी न्हाई का?"

तेवढ्यात धाकटीने पुढे होऊन सासूबाईंच्या हातात बामची बाटली ठेवली. तिलाही "आजी" आली होती आणि तिच्या मते दुधावरची साय देते ती आजी. दोन शाली आणि एक बाम घेऊन सासूबाई एखाद्या निवृत्त हेडमास्तरीणबाईंसारख्या बसल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य अजिबात नव्हतं.

"तू चारी आज्यांच्या चिठ्ठ्यांवर नुसतं आजी लिहिलंस?" थोरलीने धाकटीला विचारलं.

"मग काय लिहू? आजीच आहेत ना!"

चौथी "आजी" आत्याकडे गेली होती. आत्याला वाचता येत नाही. तिने चिठ्ठी मंचरच्या चपलांच्या दुकानात दाखवली. काय लिहिलंय? आजी. आजी म्हणजे कोण? दुकानदार म्हणाला, "आता हितं तुमच्याशिवाय आजी कोन हाय?" आत्याला ते पटलं. तिने स्वतःच्या पायाचं माप देऊन चपला घेतल्या, त्याच्याकडूनच रंगीत कागदात बांधून घेतल्या आणि महिनाभर कणगीमागे लपवून ठेवल्या. आता सगळ्यांसमोर तिने स्वतःच कागद फाडला, चपला बघितल्या, "आगं बया, लई ग्वाड!" म्हणाली आणि पायात घातल्या.

पुढे नवरा. त्याने खिशातून एक डबी काढली, उघडली आणि आतला वीज मोजायचा नवा क्लँप मीटर सगळ्यांना दाखवून परत खिशात घातला.

"हे कोणाला?" मी विचारलं.

"मला. चिठ्ठीत 'मी' आलं. म्हनलं, बरंय, ज्यानं त्यानं आपापलं घ्यायचं. लई सुटसुटीत योजना हाय."

धाकटीने भोकाड पसरलं. "ती माझी चिठ्ठी होती! मी म्हणजे मी!"

"मंग मला काय म्हाईत, मी म्हंजी तू?"

थोरलीने आपल्या वडिलांना शर्ट दिला, ती चिठ्ठी तेवढी सरळ होती, "पप्पा". सासूबाईंना "ताई" निघाली होती, म्हणून त्यांनी थोरलीला स्टीलचे पाच डबे दिले आणि "लग्नात लागतील" असं सांगून हॉस्टेलवाल्या पोरीचं तोंड पाडलं. माझी आई एव्हाना कंबरेवर हात ठेवून उभी होती. तिला कोणी काहीच आणलं नव्हतं. "माझी चिठ्ठीच टाकली न्हाई व्हय गं तुमी?" तिला चार वेळा समजावलं की टाकली होती, पण ती सासूबाईंकडे गेली. "मंग तिच्या तीन वस्तूंतली एक माझी," असं म्हणून तिने तपकिरी शालींतली एक उचलली, ती नेमकी तिनेच आणलेली निघाली. मी हसून हसून खाली बसले होते. हे सगळं इतकं वेड्यासारखं चाललं होतं, की केकची आजी अजून काही बोलल्या नाहीत, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

त्यांनाही कोणी काही दिलं नव्हतं. पण त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्या उठल्या, पिशवीतून एक जुन्या वर्तमानपत्रात बांधलेलं पुडकं काढलं आणि थोरलीच्या हातात ठेवलं.

"मला तुझ्या आईची चिठ्ठी आली," त्या म्हणाल्या. "तुझं अक्षर बघितल्यावर कळलं मला. नाताळला तिला दर वर्षी नवं कापड असायचं. आठवणीनं टाकलीस, बाई. ठेव तुझ्याजवळ."

थोरलीचा चेहरा उतरला. धाकटीने डोळे पुसत, सगळ्यांनाच आता समजावून सांगायची सवय लागल्यामुळे, मोठ्याने सांगितलं, "ती चिठ्ठी ह्या आईची होती! ताईने स्वतः लिहिली. ही काय आई," आणि माझ्याकडे बोट केलं.

आत्या चपला वाजवायची थांबली. थोरलीने मागून घेतलेल्या त्या एका चिठ्ठीवर काय लिहिलं होतं, ते मला तेव्हा कळलं. सहा वर्षं जो शब्द तिच्या तोंडातून आला नव्हता, तो तिने कागदावर लिहिला होता, माझ्यासाठी. मला आनंद झाला. तो झाला, आणि समोर त्या म्हाताऱ्या बाईंचा चेहरा दिसत असताना झाला, याची मला लाज वाटली. दोन्ही एकदम. एका माणसाला एवढं एकदम वाटू नये.

"हो का," केकची आजी म्हणाल्या. "बरोबर आहे. तसंच असायला पाहिजे." त्यांनी पिशवी उचलली, पदर खोचला. "बरं. जाते मी."

आपल्याकडे कोणी असं म्हणत नाही. पोरगं शाळेत निघालं तरी "येतो" म्हणतं, भांडून निघालेली सूनसुद्धा दारातून "येते" म्हणते. सासूबाई लगेच म्हणाल्या, "येते म्हना, बाई." पण त्या चालू लागल्या होत्या. त्यांनी तो शब्द चुकून वापरला नव्हता.

आत्या उठली. नव्या चपलांनी फटक फटक करत त्यांच्या पुढे जाऊन फाटकात उभी राहिली आणि दोन्ही हात पसरले, मेंढरं दुसऱ्याच्या रानात शिरताना अडवते तशी. मग तिने त्यांच्या हातातली पिशवी काढून घेतली, खाली ठेवली आणि तिच्यावर बसली. पिशवीत आम्ही वाटेसाठी बांधून दिलेला केक होता. तो दबल्याचा आवाज मी अंगणातून ऐकला.

"येते म्हना, इहीणबाई."

"नाही म्हणणार. सणाला खोटं बोलायची सवय नाही मला."

"मंग बसा."

"माझी गाडी जाईल."

"जाऊ द्या. गाडी जाती. मानूस येतं."

या दोघींचं नातं काय, तर माझ्या पहिल्या नवऱ्याची आई आणि माझ्या दुसऱ्या नवऱ्याच्या पहिल्या बायकोची आई. पण आत्या त्यांना पहिल्या भेटीपासून विहीणबाईच म्हणत आली होती आणि केकच्या आजींनीही ते कधी नाकारलं नव्हतं. आता त्या फाटकाला टेकून उभ्या होत्या आणि आत्या पिशवीवर बसली होती.

"माझं बी पोरगं गेलं," आत्या म्हणाली. "ही सून दुसऱ्याच्या घरात नांदती. पयल्यांदा हिच्या दारात आले तवा मलाबी वाटलं, आपलं काय काम हितं?"

"तुमची नात या जावयांना काय म्हणते?"

"पप्पा म्हंती. माझ्या पोराचं तोंडबी ध्यानात न्हाई तिच्या."

"मग तुम्हाला काही वाटत नाही?"

"लई वाटतं," आत्या म्हणाली. "पर पोरीला बाप लागतो का न्हाई?"

केकची आजी फाटकाबाहेर पडल्या नाहीत. पण "येते"ही म्हणाल्या नाहीत. थोरली बाजेवर टाकून गेलेलं ते पुडकं घेऊन मी आत गेले, कारण तिथे उभं राहणं मला जमेना. स्वयंपाकघरात थोरली ओट्याला टेकून रडत होती.

"आधी मी मावशी लिहिलं होतं," ती म्हणाली. "मग खोडलं. दुसऱ्या कागदावर लिहिलं. मला वाटलं, कोणाला कळणार आहे."

"तुझं काही चुकलं नाही."

"आजी आता येणार नाही."

मी पुडकं सोडलं. रामा रंगाची साडी, वर त्याच रंगाचा ब्लाउज, हाताने नीट काज केलेला. केकची आजी पूर्वी बोर्डिंगच्या मुलींचे कपडे शिवायच्या. दिलेलं कापड परत करायचं नसतं. पण हे तर मला दिलेलंच नव्हतं. ठेवलं तर चोरी आणि परत दिलं तर अपमान. अशा वेळी डोकं चालत नाही आणि हात भलतंच काही करतात. मी तो ब्लाउज घालायला घेतला. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. कोणीतरी तो घालावा, एवढंच वाटलं.

"अहो, ते आईच्या मापाचं आहे," थोरली म्हणाली. "तुम्हाला नाही होणार."

मी जाड आहे हे आमच्या घरात कोणी तोंडावर बोलत नाही, म्हणून मी जिद्दीने दुसरा हात घातला. तो दंडात अडकला. पुढे जाईना, मागे येईना. पहिला हातही आता निघेना. दोन्ही हात शेतातल्या बुजगावण्यासारखे आडवे पसरून मी स्वयंपाकघरात उभी, थोरली एक बाही ओढतेय आणि काखेत टर्र असा आवाज आला.

"ओढू नको! फाटेल!" मी ओरडले. "अहो, कोणीतरी या!"

माझा नवरा दारात आला, त्याने बघितलं, "हे माझ्या लाइनीतलं न्हाई" म्हणून मागे फिरला. सासूबाई आल्या आणि तेल लावायला सांगू लागल्या. आईने कात्री शोधायला घेतली.

"कात्री नका लावू त्याला!" फाटकातून आवाज आला. आणि मग केकची आजी आत आल्या, भराभर, वाटेतले पाट, डबे, माणसं बाजूला सारत. त्यांच्यामागे आत्या, हातात चेपलेली पिशवी.

त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. त्यांच्या लेकीच्या मापात मी अशी अडकलेली. मला वाटलं, या आता रडतील, किंवा मला काहीतरी बोलतील, आणि काहीही बोलल्या तरी ऐकून घ्यायचं, असं मी ठरवलं.

"श्वास सोड," त्या म्हणाल्या. "हात वर कर. अजून. असा कोणी घालतं का ब्लाउज?"

त्यांनी चष्मा लावला, काखेतली शिवण उलटी करून आत दुमडून ठेवलेलं जादा कापड उजेडाकडे धरलं आणि थोरलीला सुई आणि जुनं ब्लेड आणायला सांगितलं. मला स्टुलावर बसवलं, हात तसेच वर. त्यांची बोटं गार होती. एक एक टाका उसवत त्या खाली येत होत्या, आणि दंडाला लागलेला काच हळूहळू सैल होत होता. फाट्यावरून सुटणारी नगरची गाडी एव्हाना निघून गेली होती. ते सगळ्यांना माहीत होतं.

थोरली शेजारी दोरा धरून बसली होती. थोड्या वेळाने तिने वाकून बघितलं.

"आजी, आईला बसेल का गं हे?"

ती हे माझ्याबद्दल बोलली, माझ्यासमोर. मी हात खाली केले नाहीत. आजींचं ब्लेड एका टाक्यावर थांबलं आणि पुन्हा चालू लागलं.

"बसेल की," त्या म्हणाल्या. "आत भरपूर माया ठेवलीय मी."

मग त्यांनी मला दुसऱ्या बाजूला वळायला सांगितलं.